मी दुरुस्त केलेला अहवाल

लोकांचे इंग्रजी कागद तपासून देण्याचा मला माज होता. माज हाच शब्द. अभिमान म्हटले तर ते सभ्य होईल, आणि माझ्या सभ्य लिहिण्याने आमच्या घरात जे झाले त्यानंतर मला सभ्य शब्दांची चीड येते.

मी नागपूरच्या एका शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. आमची वस्ती जुन्या विणकरांची. माग चालवणारी दोन-चार घरे उरली, बाकी कुणी ऑटो चालवतो, कुणी दुकानात बसतो, कुणी एमआयडीसीत जातो. पण इंग्रजी कागद हातात पडला की सगळ्यांना माझे घर सापडते. बँकेचे पत्र, नोकरीचा अर्ज, पोरीचा बायोडाटा, कसली तरी नोटीस. मी चहा ठेवायची, लाल पेन काढायची आणि म्हणायची, "मजकूर तुमचा, इंग्रजी माझं." हे वाक्य मला फार आवडायचे. त्या कागदात खरे काय, खोटे काय, त्याने कुणाचे काय होणार, याच्याशी मला घेणेदेणे नाही, असा त्याचा अर्थ होता. याला मी शिस्त समजत होते.

त्यातही पॅसिव्ह व्हॉइस शिकवण्यात माझा हात धरणारे कुणी नव्हते. आधी 'शुड', 'मस्ट', 'कॅन' यांपैकी एक, मग 'बी', मग क्रियापदाचे तिसरे रूप. इथपर्यंत पोरे येतात. 'प्रॉपर्ली', 'केअरफुली' असली क्रियाविशेषणे कुठे बसवायची, इथे अडतात. कुणी वाक्याच्या डोक्यावर ठेवतो, कुणी 'शुड'च्या आधी घुसवतो. मी फळ्यावर लिहायची, 'द डोअर शुड बी प्रॉपर्ली क्लोज्ड'. 'बी' ही आई, 'क्लोज्ड' हा बाप, 'प्रॉपर्ली' हे लेकरू. लेकरू कुठे झोपते? सगळा वर्ग ओरडायचा, मधात, म्हणजे आईबापाच्या मध्ये. एकदा सांगितले की पोरे जन्मात विसरायची नाहीत.

खरे म्हणजे लेकराला बापाच्या पलीकडे टाकले तरी इंग्रजीला चालते. 'क्लोज्ड प्रॉपर्ली' हेही शुद्धच आहे. 'कुड हॅव बीन' अशी लांबलचक गाडी आली तर 'ईझिली' हा शब्द 'कुड'च्या मागोमागही बसतो आणि 'बीन'च्या नंतरही बसतो. मला हे ठाऊक होते, पण मी वर्गात कधी सांगितले नाही. दोन उत्तरे बरोबर म्हटली की पोरे तिसरेच लिहून येतात. म्हणून माझ्या वर्गात एकच नियम, मॅडमने दुरुस्त केले ते बरोबर. आणखी एक नियम होता. अहवालात माणसे आणायची नाहीत. 'मी पाहिले', 'त्याने केले' हे पत्रात. अहवालात 'पाहण्यात आले', 'करण्यात आले'. माणूस काढला की भाषा भारदस्त होते, असे मी बावीस वर्षे शिकवत आले.

माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. वडील नऊवारी विणायचे. ते गेल्यावर घरातला माग निघाला आणि भाऊ भंडारा रोडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये लागला. भिवापूर-उमरेडकडची मिरची पोत्यांनी तिथे येते आणि भाव चढेपर्यंत थंड खोल्यांत पडून राहते. खोल्या थंड ठेवतो तो अमोनिया वायू, आणि तो वायू फिरवणाऱ्या मशीनवर माझा भाऊ. चौदा वर्षे ऑपरेटर. शिक्षण दहावी नापास, इंग्रजीत. हो, माझा भाऊ इंग्रजीतच नापास झाला होता, आणि मी त्याला त्यावरून त्याच्या लग्नापर्यंत चिडवत होते.

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी तो माझ्याकडे जेवायला आला होता. मी ताटाशेजारी उत्तरपत्रिका घेऊन बसले होते. तो सांगत होता की एका वाल्वपाशी वास येऊन राहिला, पॅकिंग गेले आहे, वायू झिरपतो, मॅनेजर साहेबांना दोनदा सांगितले. मी म्हटले, हं. तो म्हणाला, तिसऱ्यांदाही सांगतो. मी म्हटले, लिहून दे ना. तो म्हणाला, साहेब लिहू देत नाहीत, तपासणीवाले येतात तर रजिस्टरमध्ये असले काही दिसायला नको, तोंडी सांगत जा म्हणतात. मी पुन्हा हं म्हटले आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली. त्याने ताक प्यायले आणि गेला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास तोच वाल्व फुटला. आत पोती लावत असलेला एक हमाल, भिवापूरकडचा म्हातारा माणूस, वायूत सापडून खाली पडला. बाकीचे बाहेर पळाले. भावाने खांद्यावरचा दुपट्टा पाण्यात बुडवला, तोंडाला बांधला आणि आत गेला. आधी म्हाताऱ्याला ओढत दारापर्यंत आणले, मग परत जाऊन मोठा वाल्व बंद केला. म्हातारा वाचला, पण त्याला आता एका डोळ्याने अंधुक दिसते. भाऊ तीन दिवस खोकत होता. आम्ही सगळे म्हणत होतो, मोठ्या संकटातून सुटलो.

कोल्ड स्टोरेजचा सुपरवायझर माझाच विद्यार्थी. दहावीला माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा, गरीब पोरगा, वही नीट ठेवणारा. अपघाताचा अहवाल इंग्रजीत लिहायचे काम मालकाने त्याच्यावर टाकले होते. चौथ्या दिवशी त्याने हाताने लिहिलेल्या दोन पानांचा फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठवला. आवाजात निरोप होता, मॅडम, संध्याकाळपर्यंत द्यायचा आहे, जरा पाहून द्या, माझे इंग्लिश तुम्हाला माहीतच आहे.

मी पाहिले. इंग्रजी भयंकरच होते. पण त्या सगळ्या चुकांच्या ढिगात एक वाक्य होते, त्याचा अर्थ असा. ऑपरेटरने गळतीबद्दल मॅनेजर सरांना तीन वेळा सांगितले होते, पण मॅनेजर सरांनी नीट लक्ष दिले नाही.

मला ते वाक्य दिसले. दिसले नाही असे मी म्हणणार नाही. ऑपरेटर म्हणजे माझा भाऊ हेही मला कळत होते. आणि मी काय केले? ते वाक्य काटले. अहवालात 'मॅनेजर सर' काय लिहितो रे, तक्रारवही आहे का, असे मनातल्या मनात त्या पोराला झापले. वरून मला असेही वाटले की ऑपरेटरचा उल्लेखही गेलेला बरा, कागदात माणूसच नाही तर दोष द्यायचा कुणाला. भावाचे मी भलेच करते आहे अशी माझी समजूत होती. त्या जागी मी लिहिले, 'द लीकेज शुड हॅव बीन प्रॉम्प्टली अटेंडेड टू'. गळतीकडे तातडीने लक्ष दिले जायला हवे होते. त्याखाली आणखी एक वाक्य ठेवले, अपघात सहज टाळता आला असता. त्यातला 'ईझिली' 'कुड'नंतर ठेवू की 'बीन'नंतर, यावर मी पाच-सात मिनिटे घालवली. दोन्ही वेळा मोठ्याने वाचून पाहिले. शेवटी 'बीन'नंतर ठेवला, कानाला गोड लागत होता म्हणून.

एवढ्यावरही मी थांबले नाही. त्या पोराला आवाजात लांब निरोप पाठवला. अहवालात नावे आणायची नाहीत, क्रियाविशेषण कुठे बसते ते विसरलास का, लेकरू मधात. त्याने हात जोडलेली खूण पाठवली आणि लिहिले, थँक्यू मॅडम, तुम्ही होत्या म्हणून.

पंधरा दिवसांनी भाऊ संध्याकाळी घरी आला. चपला न काढताच आत आला, हे त्याने कधीच केले नव्हते. हातात पाकीट होते. मला म्हणाला, वाचून सांग. कोल्ड स्टोरेजचे पत्र होते. अहवालानुसार गळतीकडे तातडीने लक्ष दिले जायला हवे होते. त्या वेळी मशीनवर तुम्ही होतात. सबब तुम्ही कामात हयगय केली, आणि उद्यापासून कामावर येऊ नये. पत्राला अहवाल जोडला होता. टाइप केलेला, नीटनेटका. वाक्ये माझी होती. एक अक्षर बदललेले नव्हते. 'प्रॉम्प्टली' जिथे ठेवला होता तिथेच होता.

मी वाचून सांगितले. तो ऐकत होता आणि त्याला काही कळत नव्हते, कारण कळण्यासारखे काही नव्हतेच. ज्याने तीनदा सांगितले त्यालाच काढले, आणि ज्याने ऐकले नाही तो आपल्या खुर्चीवर बसून आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. आपल्या घरच्या संन्याशाला आपणच दोर वळून देऊ, हे कुणी शिकवत नाही. भाऊ म्हणाला, "लक्ष कोणी द्यायचं, हे लिहिलंच नाही का वं यात?"

मी म्हटले, नाही. ते कोणी काटले हे त्या दिवशी मी त्याला सांगितले नाही. माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या सुपरवायझरला गाठले. रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर उभा होता. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण टपरीवाल्याने चहा ओतायचा थांबवला एवढे आठवते. नमकहराम म्हटले हे नक्की. तो मान खाली घालून ऐकत राहिला. माझे संपल्यावर हळूच म्हणाला, "मॅडम, मी तं नाव लिहिलं होतं. तुम्हीच काटलं."

मला त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली. त्याने खोटे सांगितले म्हणून नव्हे. घरी येऊन मी फोन उघडला. त्याने पाठवलेला मूळ फोटो होता, त्यावर त्याचे अक्षर, आणि खाली माझा आवाज. मी माझाच आवाज ऐकला. किती खुशीत होते मी. 'लेकरू मधात' म्हणताना तर हसलेही होते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण दांड्याला निदान बोलता येत नाही. त्या रात्री मी भावाच्या घरी जाऊन त्याला सगळे सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, तो फोटो आहे ना, तर झालं, मालकाले दाखवू.

खरेच, तो फोटो हाच एक पुरावा होता. रजिस्टर कोरे, सांगणे तोंडी, म्हातारा हमाल गावी निघून गेलेला. भाऊ वाल्वबद्दल बोलला होता हे साऱ्या जगात त्या एका वाक्यात लिहिलेले होते, आणि ते लिहिणारा अजून तिथेच कामाला होता.

मालकाने भेट दिली. मी आणि भाऊ गेलो. मालक, मॅनेजर आणि बाजूला उभा सुपरवायझर. बसा मॅडम, पाणी घ्या. मॅनेजर तर इतका गोड बोलत होता की त्याने आपल्या मुलीच्या शिकवणीचेही विचारून घेतले. मी पाणी घेतले नाही. फोन टेबलावर ठेवला आणि म्हटले, हा मूळ अहवाल. हे वाक्य मी काटले, ती चूक माझी, पण लिहिणाऱ्याने खरे लिहिले होते, त्याला विचारा.

मालकाने दोनदा वाचले. मॅनेजर छताकडे बघत होता. मालकाने सुपरवायझरला विचारले, हे तूच लिहिले का, आणि हे खरे आहे का. तो मूग गिळून उभा. मी त्याच्याकडे बघत होते. त्याची अडचण मला कळत होती, ज्या पाण्यात राहायचे त्या पाण्यातल्या माशाशी वैर कोण घेतो. तरी मला वाटत होते की हा बोलेल. पहिल्या बाकावरचा पोरगा आहे, माझ्या हाताखाली शिकला आहे. आणि तो बोललाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, माझं इंग्लिश कच्चं आहे. मॅडमनं दुरुस्त केलं तेच बरोबर आहे."

वर्गात हे वाक्य त्याने शंभरदा ऐकले असेल, माझ्या तोंडून. मॅनेजरने छताकडून नजर खाली आणली. मालकाने फोन माझ्याकडे सरकवला आणि फार अदबीने विचारले, मॅडम, आता तुम्हीच सांगा, तुमच्याच हातून आलेले दोन कागद, आम्ही कोणता मानायचा. मी ओरडायला लागले. इंग्रजीचा इथे काय संबंध, वाल्व गळत होता की नाही ते बोला, एका म्हाताऱ्याचा डोळा गेला आहे. मला पुढचे नीट आठवत नाही. भावाने माझा दंड धरून मला बाहेर आणले. बाहेर मिरचीच्या पोत्यांचा ट्रक उभा होता आणि हमाल ठसकत ठसकत पोती उतरवत होते.

आता उरले होते कामगार कार्यालय. अर्ज मराठीतच लिहायचा, असे मी ठरवले, आणि एकही गोष्ट कर्त्याशिवाय लिहायची नाही. मी घरी बसून लिहिले. माझ्या भावाने मॅनेजरला तीन वेळा सांगितले. मॅनेजरने ऐकले नाही. मॅनेजरने रजिस्टरमध्ये लिहू दिले नाही. सुपरवायझरने हे अहवालात लिहिले. ऑपरेटरच्या बहिणीने, म्हणजे मी, ते वाक्य काटले आणि त्या जागी भलतेच लिहिले. शाळेचे नाव, माझा हुद्दा, सगळे टाकले. शाळेत बोंब झाली तर होऊ दे, संस्थाचालक बोलावतील तर बोलावू दे. ते लिहिताना कितीतरी दिवसांनी मला जरा बरे वाटले.

रविवारी भाऊ सही करायला आला. अर्ज मराठीत, म्हणून त्याने स्वतःच वाचला. बोट ठेवून, हळूहळू. मधूनमधून मान डोलवत होता. शेवटच्या परिच्छेदाशी थांबला. माझ्यासमोरचा लाल पेन उचलला आणि माझ्या नावाचे वाक्य काटले.

मी म्हटले, हे काय करतो. तो म्हणाला, हे नाही पाहिजे. मी म्हटले, ते काढले तर अर्जात दमच राहत नाही, मूळ कागदातले वाक्य गेले कुठे, हे ते विचारणारच. तो म्हणाला, विचारू दे. मी चिडले. तुझी चौदा वर्षांची नोकरी गेली, तुझ्या नावावर हयगय लागली, आणि तू मला काय वाचवतो आहेस, मी काय तुझ्या उपकारावर जगते का, असे सगळे बोलून घेतले. मी नवे पान काढून ते वाक्य पुन्हा लिहिले. त्याने पेन खाली ठेवला.

"घरच्या माणसाचं नाव मी सरकारी कागदात देत नसतो," तो म्हणाला. "तुले लिहायचंच असंल तं लिही. मी सही नाही करत."

आम्ही दोन तास भांडलो. तो लहानपणापासून असाच आहे, हट्टाला पेटला की ऐकत नाही, आणि माझ्या हट्टाचे तर मी वर लिहिलेच आहे. दुसऱ्या दिवशी अर्ज द्यायची शेवटची मुदत होती. सहीशिवाय अर्ज जात नव्हता.

शेवटी मी तिसरे पान लिहिले. शेवटचा परिच्छेद असा, 'मूळ मसुद्यातील सदर वाक्य अहवालातून वगळण्यात आले.' कोणी वगळले ते त्यात नाही. भावाने ते दोनदा वाचले, हे बरोबर आहे म्हणाला, आणि खाली आपले पूर्ण नाव लिहून सही केली. मला तो कागद फाडून टाकावासा वाटत होता, पण मी तो घडी करून पाकिटात घातला.